युक्रेनियन ही रशियन भाषेचीच एक बोली आहे का?

नाही, ती स्वतंत्र भाषा आहे. रशियन, बेलारुशियन आणि युक्रेनियन या तिघी पूर्व स्लाव्ह शाखेतल्या, हे खरं. पण शब्दांच्या बाबतीत युक्रेनियन सगळ्यात जवळची बेलारुशियनला, त्याखालोखाल पोलिशला.

मी पश्चिम युक्रेनमधल्या तेर्नोपिल शहरात मेडिकलला होतो. लेक्चर इंग्रजीत, पण वॉर्डात पेशंटशी बोलायचं ते युक्रेनियनमध्येच. आजीला 'बाबुस्या' म्हणतात, पण हाक मारताना 'बाबुस्यू'. हाक मारताना नाव बदललं नाही तर तिथल्या कानाला खटकतं. मराठीसारखीच संबोधन विभक्ती तिथे रोजच्या बोलण्यात आहे. सातांतली ती एक. आजच्या रशियनमध्ये तिचे थोडेच अवशेष उरलेत.

उच्चारातही फरक चटकन कळतो. डोक्याला रशियन माणूस 'गलवा' म्हणतो, युक्रेनियन 'होलोवा', आणि तो 'ह' थेट आपल्या मराठी 'ह'सारखा. खऱ्या 'ग'साठी वेगळं अक्षर आहे. सोव्हिएत राजवटीने 1933 साली ते वर्णमालेतून काढलं, 1990 मध्ये ते परत आलं. एका अक्षराशी सरकारचं एवढं काय वाकडं, असं वाटेल. पण लिखाण रशियनच्या जवळ नेणं हाच त्या बदलांचा रोख होता.

हे त्याआधीपासून चालू होतं. 1798 मध्ये कवी कोत्ल्यारेव्स्कींचं 'एनेइदा' हे काव्य लोकांच्या बोलीत छापून आलं, 1840 मध्ये तारास शेव्चेन्कोंचा 'कोब्झार' हा कवितासंग्रह. मग रशियन झारच्या सरकारच्या 1863 च्या आदेशाने धार्मिक आणि शालेय पुस्तकं बंद, आणि 1876 च्या एम्स फर्मानाने बहुतेक छपाई, बाहेरून पुस्तकं आणणं, नाटकं, सगळ्यावरच बंदी. पश्चिमेकडचं ल्विव्ह शहर तेव्हा ऑस्ट्रियाकडे होतं, म्हणून तिथे छपाई चालू राहिली. बोली म्हणून हिणवायचं आणि छापायलाही बंदी घालायची, याचा मला आजही राग येतो.

पूर्वेकडे आणि ओदेसात रशियन भरपूर ऐकू येते, शिवाय दोन्हींची सरमिसळ असलेली 'सुर्झिक'. 2022 नंतर मात्र अनेकांनी घरातही ठरवून युक्रेनियन धरली.

शिकायची असेल तर 33 अक्षरांची सिरिलिक लिपी आठवड्याभरात जमते. वेळ लागतो तो क्रियापदांच्या जोड्यांना. काम चालू आहे की पुरं झालं यावरून क्रियापदच वेगळं येतं, म्हणून पहिल्या दिवसापासून दोन्ही रूपं एकत्रच पाठ करा.