पासपोर्ट चंचीत ठेव, लेकरा

लातूरहून फ्रँकफर्टला शिकायला निघालास आणि इकडं चोऱ्यामाऱ्यांची किती भीती आहे, असं विचारलंस. सविस्तरच सांगतो.

रात्री अकराला ट्राममधून एकटं घरी येताना मला भीती वाटत नाही. जपायचं ते मोठ्या स्टेशनवर, आणि सगळ्यात जास्त पहिल्या दिवशी. मी नांदेडहून आलो तेव्हा इथल्या मुख्य स्टेशनवर दोन बॅगा ओढत चाललो होतो, खांद्याला सॅक. एकानं दंडाला हात लावून माझ्या पाठीकडं बोट दाखवलं. कोटावर पांढरं काहीतरी सांडलं होतं. पुसायला सॅक खाली ठेवली. मान वर केली तर तो माणूस समोरच उभा, सॅक गायब. नेणारा दुसराच होता. पासपोर्ट, त्यातला व्हिसा, सगळे युरो, आईनं बांधून दिलेल्या दशम्या, सगळं गेलं. दशम्या आठवल्या की अजून पोटात तुटतं.

मग पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन आपल्या वाणिज्य दूतावासात नव्या पासपोर्टचा अर्ज, वर व्हिसासाठी वेगळे हेलपाटे.

म्हणून सांगतो, आजी कमरेला चंची खोचायची ना, तशी एक आईकडून शिवून घे. पासपोर्ट त्यात, शर्टाच्या आत. पैसे दोन ठिकाणी. कुणी डाग दाखवला तर थांबू नकोस, चालत राहा. साध्या कपड्यातला कुणी पोलीस म्हणवून पाकीट मागत असेल तर देऊ नकोस, 110 लाव. अँब्युलन्सला 112. इथलं बँक कार्ड हरवलं तर 116 116 वर बंद करता येतं.

पण खरी मोठी चोरी लातुरात बसल्या बसल्याच होते. खोलीची जाहिरात स्वस्त, फोटो चकाचक, मालक म्हणतो मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी पोस्टानं येईल. ना खोली असते ना मालक. इथल्या कायद्यानं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि तेही तीन हप्त्यांत देता येतं. खोली बघण्याआधीच सगळं मागतोय म्हणजे समजून जा. बापानं सोयाबीन विकून जमवलेला पैसा आहे तो.

जाहिरात आवडली की आधी मला पत्ता पाठव. मी रविवारी जाऊन दार वाजवून येतो.