वार आधी दिसू दे

तुला अनेक आशीर्वाद.

फेन्सिंगच्या, म्हणजे तलवारबाजीच्या स्पर्धा सोडून फाइट कोरिओग्राफीकडे, पडद्यावरच्या लढती बसवण्याकडे वळावं का, असं विचारलंस. जरूर वळ. फक्त पिस्टवर, म्हणजे खेळाच्या पट्टीवर घोटून घोटून अंगात भिनवलेलं बरंच काही तुला उलटं करावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

खेळात आपण मनातलं लपवतो. खांदा हलू देत नाही, आधी हात सुटतो आणि मग पाय. समोरच्याला कळेपर्यंत वार लागल्याचा दिवा लागलेला असतो. शूटिंगमध्ये हीच सवय घात करेल, कारण तिथे तोंडावर मास्क नसतो. वार करणाऱ्याने आधी नजरेला नजर द्यायची, हात उचलून वार कुठून येतोय ते दाखवायचं आणि समोरचा हलला की मगच पातं सोडायचं. म्हणजे अडवणारा खरं तर आधी निघतो. पडद्यावर मात्र तो अगदी शेवटच्या क्षणी वाचल्यासारखा दिसतो. प्रेक्षकालाही हे दाखवणं लागतंच. सेबरचा, म्हणजे आपल्या खेळातल्या एका तलवारीचा खरा टच (अंगाला लागलेला वार) इतक्या झटक्यात होतो की थिएटरात बसलेल्याला कुणी कुणाला मारलं तेच उमगणार नाही.

अंतराचा तुझा अंदाज हे मात्र तुझं खरं भांडवल. टोक अंगापासून हातभर लांब ठेव आणि कॅमेरा वार करणाऱ्याच्या पाठीमागून लावायला सांग. मधली फट दिसत नाही.

बॉब अँडरसन १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून सेबर खेळले. पुढे ‘स्टार वॉर्स’च्या दोन चित्रपटांत डार्थ व्हेडर या खलनायकाच्या मुखवट्याआड लढले ते हेच. त्या लढती आवाज बंद करून बघ. चेहरा दिसतच नाही, तरी त्या माणसाचा राग त्याच्या चालीतून कळतो. मला हे काम फार मोठं वाटतं.

पुण्यात तुझ्याकडे येईल ते काम बहुतेक शिवकाळाचं असेल. तिथे फेन्सिंग जशीच्या तशी उतरवू नकोस, कळकळीने सांगतो. आपल्या तलवारीच्या मुठीला मागे चकती असते. मनगट जास्त वाकवलं की ती हाताला रुतते. त्यामुळे बोटांची आणि मनगटाची नाजूक कामं तिथे जमत नाहीत; वार खांद्यातून, कमरेतून येतो आणि अडवायला ढाल असते. दांडपट्ट्यात तर मनगट लोखंडी खोबळ्यात बंदच. केळकर संग्रहालयात जाऊन मुठी नीट बघ. शिवजयंतीला मर्दानी खेळ करणारी मुलं असतात, त्यांच्या वस्तादांना भेट आणि पायापासून शीक. १४ मीटरच्या पट्टीवर पुढे-मागे करायची सवय झालेले तुझे पाय गोल फिरायला सुरुवातीला कुरकुरतील.

सेटवर वेग ठरतो तो दोघांतल्या कच्च्या माणसावर. रात्री दोनला नट थकलेला असताना कुणी ‘जरा फास्ट’ म्हणालं, तर सरळ नाही म्हण. काम गेलं तरी चालेल. पाती बोथट असली तरी पोलाद पोलादावर आपटून कडेला खाचा पडतात आणि त्या कातडी फाडतात. म्हणून दर टेकनंतर पात्यावरून कापूस फिरव. जिथे अडकेल तिथे कानस मार.

रविवारी सकाळी हॉलवर ये. आठ वारांची एक छोटी लढत बसवून आण. जोडीदार कधीही तलवार न धरलेला हवा; भाऊ, मैत्रीण, कुणीही चालेल. आधी काठ्यांवरच करू.

तुझे सर