क्लेम नाकारला, म्हणून अर्थशास्त्र?

प्रश्न: मुलगी सांगलीत टीवायबीएला आहे, विषय अर्थशास्त्र. माझ्या आईचा हॉस्पिटलचा क्लेम कंपनीने चार महिन्यांपूर्वी 'मधुमेह लपवला' म्हणून नाकारला. पॉलिसी सलग सहा वर्षं चालू होती. तेव्हापासून मुलगी विम्याचे नियम वाचत बसते. बँकेच्या परीक्षा सोडून 'धोरण संशोधन' करायचं म्हणते. यात पोट भरतं का?

उत्तर: नमस्कार. भरतं, पण उशिरा. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा करारावरच्या असतात; प्रकल्प संपला की करारही संपतो. पगार बँक अधिकाऱ्यापेक्षा कमी असू शकतो. हे तिला आत्ताच सांगा.

आता तिची बाजू. आयआरडीएआय, म्हणजे विम्याची नियामक संस्था, दरवर्षी अहवाल काढते. त्यात एक आकडा असतो: कंपनीला मिळालेल्या 100 रुपये हप्त्यामागे क्लेमपोटी किती गेले. 2023-24 मध्ये आरोग्य विम्यात सरकारी कंपन्यांचे 100 च्या वर गेले, तर फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचे 65 च्या आसपास. बघणारा म्हणेल, दुसऱ्या लुटतात. पण सरकारी कंपन्यांकडे मोठ्या कारखान्या-कार्यालयांच्या ग्रुप पॉलिसी भरपूर, त्या स्वस्तात विकलेल्या. वैयक्तिक पॉलिसीत एजंटचं कमिशन जास्त, आणि नव्या ग्राहकाला सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो, त्यात काही आजारांचे क्लेम मिळत नाहीत. मग 65 मध्ये लूट किती आणि धंद्याची रचना किती? याचं उत्तर कंपनीची जाहिरात देणार नाही. नियामकाकडूनही फार अपेक्षा नको, नियम त्याचेच असतात. तिसरं कुणीतरी लागतं, तेच धोरण संशोधक.

ते 'तिसरं' खरंच तिसरं आहे का, हे मात्र तिने तपासायला शिकावं. पैसा कुणाचा, आणि निष्कर्ष देणगीदाराला झोंबला तरी अहवाल छापला जातो का? पुण्याची गोखले संस्था 1930 मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने काढली. दोन्हीकडे पदव्युत्तर अर्थशास्त्र शिकवतात, आणि दोन्हीकडे गणित कच्चं असलेल्याचे हाल होतात. बीएला गणित नसेल तर कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र आजपासून सुरू. (नियम पाठ असणं ही वकिलाची तयारी झाली, अर्थशास्त्रज्ञाची नव्हे.)

आवड खरी की आजीच्या क्लेमचा राग, हे ओळखायला एक उन्हाळा पुरे. राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे सरकारचं घरोघरचं सर्वेक्षण, त्याची 2017-18 ची आरोग्यावरची कच्ची माहिती सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. महाराष्ट्रात हॉस्पिटलचं बिल घरच्यांनी कुठून भरलं, बचतीतून, उसनवारीतून की काही विकून, एवढं एकच कोष्टक तिने 'आर' ही आकडेमोडीची संगणक-भाषा वापरून स्वतः काढावं. आठ दिवस फाइलच उघडणार नाही, तरी चिकटून राहिली, तर प्रवेश परीक्षेची फी भरा. कंटाळली, तर बँक आहेच.

आणि त्या क्लेमचं काय केलंत? 2024 पासून नियम असा आहे की पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर आजार सांगितला नव्हता म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील नको. पण कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून, किंवा उत्तराविना महिना उलटल्यापासून, एका वर्षाच्या आत जावं लागतं. तुमचे चार महिने आधीच गेलेत, तक्रार लांबवू नका. अर्ज मुलीलाच लिहू द्या.