‘इंद्रायणी काठी’त कोण म्हणे?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, “आई, एकादशीला आजीच्या भजनात प्रत्येक गाण्याच्या शेवटी कुणीतरी ‘म्हणे’. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे. मग ‘इंद्रायणी काठी’त कोण म्हणे?” मागून आजी म्हणाली, “असेल गं कुठल्यातरी संताचा.” तेवढ्यात तुमच्याकडची लाईट गेली आणि फोन कट झाला. पण दोन दिवस प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून टोरांटोहून हे सविस्तर पत्र. आजीलाही वाचून दाखव.

आधी ते ‘म्हणे’. त्याला नाममुद्रा म्हणतात. पूर्वी छापखाने नव्हते, अभंग तोंडातोंडी फिरायचे. शेवटच्या ओळीत नाव विणून टाकलं की अभंग कुठेही गेला तरी नाव त्याच्याबरोबर जायचं. एकनाथ ‘एका जनार्दनी’ म्हणतात, म्हणजे स्वतःबरोबर गुरूचंही नाव घेतात. ज्ञानदेवांची मुद्रा मला सगळ्यात आवडते: ‘बापरखुमादेवीवरु’. आईवडिलांची नावं विठ्ठल आणि रुक्मिणी, देवाचीही तीच. एका शब्दात दोघांनाही नमस्कार.

‘इंद्रायणी काठी’त अशी मुद्रा नाही, कारण तो संताचा अभंगच नाही. ते सिनेमातलं गाणं आहे. १९५३ सालचा ‘गुळाचा गणपती’. कथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका, सगळं पु. ल. देशपांड्यांचं. गायले भीमसेन जोशी, तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचे. आणि शब्द लिहिले ग. दि. माडगूळकरांनी. सगळे त्यांना गदिमा म्हणतात.

आता वही घे आणि बोटांवर मोज. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-या, चार. हा तुकोबांचा अभंग. आता हे मोज: इं-द्रा-य-णी-का-ठी, दे-वा-ची-आ-ळं-दी, ला-ग-ली-स-मा-धी, ज्ञा-ने-शा-ची. सहा, सहा, सहा, चार! तोच साचा. गदिमांनी अभंगाचं माप घेतलं आणि त्यात एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. अजून एक बघ. मुद्रा जिथे यायची, त्या शेवटच्या ओळीत त्यांनी निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई या ज्ञानदेवांच्या भावंडांची नावं ठेवली. स्वतःचं नाही. मला दर वेळी तिथे गहिवरून येतं. आजी फसली यात तिची काही चूक नाही. कीर्तनकारसुद्धा हा अभंग म्हणतात.

मीही चुकले होते, तेही तुला सांगते. तू तीन वर्षांची असताना इथल्या गणपतीच्या कार्यक्रमाची पत्रिका माझ्याकडे होती. प्रत्येक गाण्यापुढे कवीचं नाव टाकायचं होतं. ‘इंद्रायणी काठी’पुढे मी ‘पारंपरिक’ असं टाइप केलं आणि दीडशे प्रती छापून घेतल्या. कार्यक्रमानंतर एक वयस्कर काका जवळ आले, पत्रिकेवर त्या शब्दाखाली पेनानं हळूच रेघ ओढली आणि म्हणाले, “बाळ, आमच्या माणदेशचे होते ते.” एवढंच. ती पत्रिका अजून माझ्या कपाटात आहे.

माणदेश म्हणजे सांगली-साताऱ्याच्या पूर्वेचा कोरडा मुलूख. पाऊस तिथे वाट चुकल्यासारखा येतो. त्या भागातल्या शेटफळे गावी १ ऑक्टोबर १९१९ ला गदिमा जन्मले. घरची गरिबी. मॅट्रिकला गणितानं दगा दिला. पोटासाठी ते कोल्हापूरला गेले, कारण तेव्हा मराठी सिनेमा कोल्हापुरात पिकत होता. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त त्यांना बारीकसं काम मिळालं. वि. स. खांडेकरांकडे ते लेखनिक होते, म्हणजे खांडेकर सांगणार आणि हे उतरवून घेणार. मला वाटतं, दुसऱ्याच्या वाक्याची लय कानात धरायला माणूस तिथेच शिकत असणार.

गाणी लिहायला सुरुवात झाली ती १९४२ साली, ‘पहिला पाळणा’ आणि ‘भक्त दामाजी’ या चित्रपटांतून. वय जेमतेम बावीस. तेव्हा गाणं घरी यायचं ते लाखेच्या काळ्या तबकडीवरून. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, की संपली. एवढ्यात मुखडा, तीन-चार कडवी आणि वाद्यांचे तुकडे बसवायचे. कवीला घोळ घालायला जागाच नाही. संतांच्या सहा-सहा-सहा-चारासारखंच हे एक माप होतं, आणि मापात राहून मोकळं बोलणं गदिमांना जमलं तसं फार थोड्यांना जमलं.

१९४७ च्या ‘रामजोशी’नं त्यांचं नाव झालं. राम जोशी हे पेशवाईतले सोलापूरचे शाहीर. त्यांच्यावरच्या या सिनेमात ‘सुंदरा मनामधे भरली’ ही राम जोशींची स्वतःची लावणी आहे आणि तिच्या शेजारी गदिमांनी नव्यानं लिहिलेली गाणी. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते ऐकून ओळखू येत नाही. अभंगाच्या बाबतीत आजीचं झालं तेच. एकच माणूस संतासारखा अभंग लिहितो आणि शाहिरासारखी लावणीही. मावशीच्या लग्नात सगळ्या नाचल्या ती ‘बुगडी माझी सांडली गं’ त्यांचीच. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’, संगीत वसंत पवारांचं, आवाज आशा भोसल्यांचा.

आणि आता तुझ्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. तू बोलायला लागलीस तेव्हा पहिलं पाठ झालेलं गाणं कोणतं? ‘नाच रे मोरा’. तेही गदिमांचंच. तेही सिनेमातलं, ‘देवबाप्पा’. सालही तेच, १९५३. संगीतही पुलंचंच. विसाव्या वर्षाच्या आसपासची आशा ते गायली आहे. म्हणजे त्याच दोघांनी एका वर्षात एक गाणं असं केलं की लोकांना ते सातशे वर्षांपूर्वीचं वाटतं, आणि दुसरं असं की प्रत्येक बालवाडीला ते आपलं स्वतःचं वाटतं. कोरड्या माणदेशातल्या माणसानं ढग, वारा आणि आंब्याचं वन लिहावं, यात मला काहीतरी फार खरं दिसतं. पावसाची वाट पाहिलेल्यालाच तो इतका हवासा दिसतो.

रामनवमीला आपण गीतरामायण लावतो, तेही यांचंच, हे तुला ठाऊक आहे. १ एप्रिल १९५५ ला, त्या वर्षीच्या रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला नवं गीत, एकूण छप्पन्न. चाली सुधीर फडक्यांच्या. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ते आजीकडूनच ऐक. तेव्हा लोक रेडिओला हार घालायचे, हे तिनं तिच्या आईकडून ऐकलंय.

तर मग सिनेमाच्या कवीनं ‘गदिमा म्हणे’ असं का नाही लिहिलं? कारण तुकोबा स्वतःचं बोलतात आणि सिनेमातलं गाणं दुसऱ्याच्या तोंडी असतं. कधी शाहीर, कधी नाचणारी, कधी लहान पोर. तिथे कवीनं नाव घातलं तर त्या माणसाचं गाणंच मोडेल. मग गाणं गळ्याच्या नावानं ओळखलं जातं: आशाचं, भीमसेनांचं. पूर्वी रेडिओवर प्रत्येक गाण्याआधी निवेदक कवीचं नाव सांगायचे, तीच त्यांची मुद्रा होती. आता फोनवर गाणं लावताना तेवढंही कानावर पडत नाही. म्हणून आपण सांगायचं. हे मला मनापासून वाटतं, मनू.

पुण्यात मुंबईच्या रस्त्यानं जाताना वाकडेवाडीला त्यांचं घर आहे, ‘पंचवटी’. १४ डिसेंबर १९७७ ला गदिमा गेले. आजीला सांग, शिवाजीनगरला जाल तेव्हा पाच मिनिटं तिकडूनही चक्कर मारा.

आणि पुढच्या एकादशीला टाळ हातात घेण्याआधी भजनातल्या काकूंना नीट, हळू आवाजात सांग: “हे माडगूळकरांचं आहे.” मोजूनही दाखव. आजी आधी मान्य करणार नाही, पण सहा-सहा-सहा-चार ऐकलं की लगेच पटेल तिला.

रविवारी सकाळी, तुमच्या संध्याकाळी फोन करते. छत्री विसरू नकोस.

तुझी,
आई