बी.ए. नंतर मानवी हक्क या विषयात एम.ए. करावं का?

ताई, तुम्ही शहाद्याहून विचारलंय की मानवी हक्क घेऊन एम.ए. करायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात त्यात नोकरी कुठंय. मी शिरपूरचा. मी हा विषय घेतला तेव्हा आईनंही हेच विचारलं होतं, "हाई शिकीसन काय करशी?"

घ्या. फक्त पुस्तकापाशी थांबू नका.

सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा येतो. त्यातल्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष'ऐवजी 'सर्व माणसं' असा अर्थ देणारे शब्द आले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहामुळे, आणि त्या जन्मल्या आपल्या भुसावळ लाइनीवरच्या सुरतेत. मला वाटायचं, जाहीरनाम्यातली तीसही कलमं आपल्याला जशीच्या तशी लागू आहेत. १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा वाचला तेव्हा कळलं की त्यातली मानवी हक्कांची व्याख्या घटनेतल्या आणि आंतरराष्ट्रीय करारांतल्या हक्कांपुरती आहे, तेही आपल्या न्यायालयांत अंमल होऊ शकेल एवढेच.

लघुप्रबंधासाठी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो. जंगलात राहणाऱ्यांना कसत्या जमिनीचा हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. एका आजींचा दावा 'पुरावा अपुरा' एवढंच लिहून फेटाळलेला. खरं तर त्या कायद्याच्या नियम १३ प्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणंसुद्धा पुरावा असतो. ते कुणी घेतलंच नव्हतं. वरच्या समितीकडे दाद मागायला ६० दिवस मिळतात, पण आजींच्या हाती निकालाचा कागदच आला नव्हता. माझी अहिराणी, त्यांची पावरी, मधे एक शाळकरी मुलगी. 'अपील'ला पावरीत काय म्हणायचं, यावर ती बराच वेळ अडली. त्या रात्री मी लघुप्रबंधाचा विषय बदलला: दावा का फेटाळला हे दावेदाराला कुठल्या भाषेत कळतं?

आता नोकरी. यूजीसी नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला 'मानवी हक्क आणि कर्तव्ये' हा स्वतंत्र विषय आहे, पण प्राध्यापकीच्या भरवशावर राहू नका. माझं मत विचाराल तर एम.ए. नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करा. वकिलीची सनद हातात असली की आजींसारख्यांच्या बाजूनं कोर्टात उभं राहता येतं, नुसत्या एम.ए.वर अर्ज लिहून देता येतो. अर्थात तो नीट लिहिणारेही आपल्याकडे फार थोडे आहेत, म्हणून ते आत्ताच शिका. मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला फी लागत नाही, मात्र प्रकार घडून वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. तारीख, ठिकाण, कुणी काय केलं, काय मागणी आहे, हे सगळं एका पानात मराठीत बसवून बघा. दिसतं त्याहून अवघड आहे.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर राज्यघटनेची मराठी प्रत शेजारी ठेवून वाचा, मी तसंच केलं. आणि प्रवेशाचे पैसे भरण्याआधी त्या विभागात जाऊन मागच्या दोन-तीन वर्षांचे लघुप्रबंध बघायला मागा. त्यांत एकाही गावाचं नाव सापडलं नाही, तर दुसरा विभाग शोधा.