लोक ऐकतात, पण तपासणीला जात नाहीत: स्वयंसेवकांनी काय बदलावं

प्रश्न असा आहे: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल स्वयंसेवक आपापल्या ओळखीच्या बायकांशी बोलतात, पत्रकंही वाटतात, तरी तपासणीला कोणी जात नाही.

आधी एका बैठकीत किती विषय घेता ते पाहा. तंबाखू, आहार, स्तन, गर्भाशयमुख असं सगळं कोंबलं की घरी पोचेपर्यंत काही उरत नाही. आठ-दहा जणी, अर्धा तास, एकच विषय. शेवटी विचारा, "हे बहिणीला कसं सांगाल?" कुठे गोंधळ झालाय ते तिथेच कळतं.

"मला काही त्रास नाही, मग कशाला?" हा प्रश्न येणारच. एचपीव्ही या शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ ते १०. मधल्या काळात पेशींतले बदल सापडले तर तिथेच उपचार होतात. म्हणून तपासणी त्रास नसतानाच करायची. मुलींना लस ९ ते १४ या वयात द्यायची. पण ती विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, त्यामुळे लस घेतलेल्यांनाही पुढे तपासणी लागतेच.

सगळ्यात जास्त घोळ अहवाल आल्यावर होतो. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग आपोआप जातात. विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे त्यावरून जोडीदारावर संशय घेता येत नाही. हे तपासणीच्या आधी सांगा. नंतर सांगितलेलं घाबरलेल्या बाईच्या कानात शिरत नाही, आणि एकीची भीती ओळखीतल्या सगळ्याजणींपर्यंत पोचते.

याच्या उलट चूकही घडते, आणि ती जास्त घातक. रजोनिवृत्तीनंतर किंवा संबंधांनंतर रक्त जात असेल, तर त्या बाईला पुढच्या शिबिराची तारीख देऊ नका. तिने लगेच डॉक्टरकडेच जायला हवं.

वहीत चार रकाने ठेवा: बोलणं झालं, तारीख ठरली, तपासणी झाली, अहवाल हातात आला. नावांऐवजी क्रमांक लिहा, वही कुणाच्याही हाती पडू शकते. तारीख बैठकीतच ठरवा, आदल्या दिवशी फोन करा, जमलं तर सोबत जा. दुसऱ्या रकान्यापुढे गाडी सरकत नसेल तर पत्रकं वाढवून उपयोग नाही. मुलांना कोण सांभाळणार, तपासणारी बाई असेल का, हे विचारा. अहवालाचा अर्थ मात्र स्वयंसेवकाने लावू नये.