वडिलांना महिनाभर रोज ताप येतोय, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. पुण्यात पुढे काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे आहेत, रोज संध्याकाळी १०१-१०२ ताप चढतो, तीन अँटिबायोटिक झाली, आणि आता एक डॉक्टर स्टेरॉइड देऊ म्हणतायत तर दुसरे टीबीची औषधं. मी पुण्यात एमडी मेडिसिन म्हणून प्रॅक्टिस करतो, असे पेशंट नेहमी बघतो. वडिलांची प्रकृती स्थिर असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: यातलं काहीही सुरू करण्याआधी थोडा वेळ निदानाला द्या.

पावसाळ्यात पुण्यात ताप म्हटलं की डेंगी, चिकुनगुनिया आठवतात, पण तो ताप साधारण आठवड्याभरात उतरतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा, १०१च्या वर जाणारा आणि तपासूनही कारण न सापडणारा ताप हा वेगळा गट. पीटर्सडॉर्फ आणि बीसन या डॉक्टरांनी १९६१मध्ये त्याची व्याख्या केली, ती थोड्याफार फरकाने आजही वापरतात. यात बहुतेकदा दुर्मिळ आजार निघत नाही, ओळखीचाच आजार आडवाटेने आलेला असतो. आपल्याकडे सगळ्यात आधी टीबी, तोही फुप्फुसाबाहेरचा: गाठींचा, पोटाचा, मणक्याचा. मग हृदयाच्या झडपेचा संसर्ग, यकृतातला गळू, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, संधिवाताच्या जातीचे आजार. कधी चालू असलेल्या गोळीचाच ताप असतो.

म्हणून पुढची महागडी तपासणी करण्याआधी कुणीतरी वडिलांजवळ बसून सगळं पहिल्यापासून विचारायला हवं. गावी निरसं दूध प्यायले का? गाईगुरं, शेळ्या हाताळल्या का? तसं असेल तर ब्रुसेला, म्हणजे जनावरांकडून माणसात येणारा जंतू, शोधावा लागतो. शेतात, गवतात गेले होते का? मुळशीकडून भातकापणी करून आलेला एक पेशंट माझ्याकडे जाडजूड फाईल घेऊन आला होता. पायजमा सैल करायला लावला तेव्हा नाडीच्या खाली, घडीत, सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे त्यालाही ती माहीत नव्हती. स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. काखा, जांघा, टाळू, तोंड, नखं हे सगळं पुन्हा पुन्हा बघावं लागतं. आज नसलेली गाठ पुढच्या आठवड्यात हाताला लागते.

अँटिबायोटिक बदलत राहणं मात्र थांबवा. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने टीबी थोडे दिवस दबतो आणि निदान लांबतं. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, अँटिबायोटिकच्या आधी, वेगवेगळ्या जागांहून दोन-तीन वेळा घ्यायला हवं. टायफॉइडसाठीच्या एकट्या विडाल रक्ततपासणीवर भिस्त ठेवू नका. स्टेरॉइडने ताप पटकन जातो, घरच्यांना बरं वाटतं, पण टीबी आत पसरू शकतो आणि लिम्फोमाची बायोप्सी (तुकडा काढून केलेली तपासणी) फसू शकते. एक अपवाद वडिलांच्या वयात महत्त्वाचा आहे: भाकरी चावताना जबडा भरून येतो का, कानशिलं दुखतात का, डोळ्यापुढे अंधारी येते का, हे आजच विचारा. असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि तिथे दृष्टी वाचवायला स्टेरॉइड तातडीनेच द्यावं लागतं.

टीबीची औषधं 'देऊन बघू' याबद्दलही सांगतो. त्यातलं रिफाम्पिसिन ब्रुसेलासारख्या इतर जंतूंवरही चालतं, त्यामुळे ताप उतरला म्हणजे टीबीच होता असं ठरत नाही. नमुना मिळवण्याचा प्रयत्न आधी व्हावा. पेट सीटी हा शरीराचा स्कॅन खर्चिक आहे, पण ते बायोप्सी कुठून घ्यायची ते दाखवू शकतं. गाठ काढायचं ठरलं तर सर्जनना आधीच विचारा: एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या रसायनात) आणि दुसरा साध्या सलाईनमध्ये पाठवणार ना? सगळाच फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि टीबीचं कल्चर होत नाही. हे वारंवार घडतं. ससून किंवा मेडिकल कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलात मेडिसिन, सर्जरी, पॅथॉलॉजी एकाच ठिकाणी असल्याने हे जुळवणं सोपं जातं.

तोवर घरी वहीत दिवसातून चार वेळा ताप लिहा, पॅरासिटामॉल देण्याआधी मोजून. वजनही लिहा. सगळं करूनही काहींचं कारण सापडत नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा ताप हळूहळू आपोआप जातो. मात्र बरळणं, धाप, फिट, रक्तस्राव, लघवी कमी होणं किंवा अचानक कमी दिसणं यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.